पाण्यात जाताना की बाहेर येताना

शेखर साळव्यांनी गळ्यावरच्या छिद्रावर अंगठा दाबला. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्र गेल्यापासून ते याच छिद्रातून श्वास घेत आणि बोलायचे झाले की ते बंद करत. बोलणे संपेपर्यंत श्वास नाही. म्हणून ते थोडे बोलत, आणि बहुधा प्रश्नच विचारत.

"तारण नेमकं कवा होते, पास्टर? पान्यात जातानी, का निघतानी?"

धर्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले पास्टर रणजित यांनी समोरचे पुस्तक मिटले. विश्वास आणि आज्ञापालन या विषयावरच्या त्यांच्या प्रबंधात तान्ह्या मुलांवर पाणी शिंपडण्याच्या प्रथेचा निकाल एका तळटीपेत लागला होता. तारणासाठी, म्हणजे आत्म्याच्या मुक्तीसाठी, बाप्तिस्म्याची आज्ञा पाण्यात पूर्ण बुडण्याची आहे. शिंपडणे हा सोयीचा शोध. वर्ध्याच्या चर्चमध्ये साळव्यांच्या कपाळावर तान्हेपणी पडलेले पाणी त्या तळटीपेने एका वाक्यात पुसून टाकले होते. तळटीप निर्दोष होती. तिला गळा नव्हता.

"ती एकच कृती आहे," रणजित म्हणाले. "तिचे तुकडे करता येत नाहीत."

साळव्यांनी मान डोलावली, पण नजर रणजित यांच्यावरून हलवली नाही. आजार आता फुफ्फुसात उतरला होता, आणि जायचेच तर त्यांना निःशंक जायचे होते.

त्यांच्या पत्नी इंदूबाई इतका वेळ पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"दवाखान्यातले डॉक्टर म्हनते, त्या छेदात घोटभर पानी गेलं तर मानूस खलास. आन् तुम्ही म्हनता, बुडल्याबिगर जमत नाही."

"मी म्हणत नाही, बाई. पवित्र शास्त्र म्हणतं."

"मंग येशूनं ज्याले आपल्यासंगं स्वर्गात नेलं, त्या क्रूसावरच्या चोराले कोनं बुडवलं होतं?"

"ती आज्ञा त्याच्या मरणानंतर दिली गेली." उत्तर तयार होते. रणजित यांच्यापाशी ते नेहमीच तयार असे.

"म्हंजे बिचारा वेळेवर मेला."

साळव्यांचे खांदे हसण्याने हलले. आवाज आला नाही. मग अंगठा वर गेला. "मले घ्याचा हाय बाप्तिस्मा."

"जन्मभर रेल्वेत गार्ड होते," इंदूबाई रणजित यांना म्हणाल्या. "ह्यायच्या झेंडीबिगर गाडी हलत नसे. आता तुमच्या झेंडीची वाट पाहून राहिले."

गरज नाही, असे रणजित यांना म्हणता आले असते. पण मग उरलेल्या मंडळीला आजवर काय सांगितले, हा प्रश्न उभा राहिला असता. त्यांनी रविवार ठरवला.

पंडरी या कापडबाजारात एका गोदामावरचा हॉल मंडळीने भाड्याने घेतला होता. त्या रविवारी दोघे तिथल्या फायबरच्या टाकीत छातीभर पाण्यात उभे होते. गाणे थांबले. रणजित यांनी साळव्यांच्या पाठीवर हात टेकवला.

"तुमचा विश्वास आहे?"

अंगठा वर गेला. "हाय."

पण या वेळी अंगठा खाली आला नाही. साळव्यांनी दुसऱ्या हाताचा तळवाही त्यावर घट्ट दाबला आणि डोळे मिटले. आता ते श्वास घेत नव्हते. खाली केव्हा जायचे आणि वर केव्हा यायचे, हे दोन्ही त्यांनी पाठीवरच्या हाताकडे सोपवले होते.

तो हात हलला नाही.

रणजित त्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहत राहिले. एखादा अनोळखी लिपीतला मजकूर समोर यावा तसे. साळव्यांचा चेहरा लाल होत गेला. मग त्यांनी स्वतःच गुडघे वाकवले. पाणी खांद्यांवर आले, दाबलेल्या बोटांना लागले, आणि रणजित यांनी त्यांना दोन्ही काखांत धरून एका झटक्यात वर ओढले. छिद्रातून श्वास शीळ घालत आत गेला.

"झालं का?" टाकीच्या कडेला टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या इंदूबाईंनी विचारले.

सगळी मंडळी पाहत होती.

"झालं," रणजित म्हणाले.

साळव्यांनी केस चाचपले. अंगठा वर गेला. "डोस्कं तं कोरडंच हाय, पास्टर."

तक्रार नव्हती. एक गोष्ट लक्षात आली, ती त्यांनी सांगितली, इतकेच.

रणजित यांनी आपला ओला तळवा त्यांच्या माथ्यावर ठेवला. पाणी कपाळावरून भुवयांपर्यंत ओघळले.

इंदूबाईंचा टॉवेल अर्धा उलगडलेला राहिला.

"एवढं तं ह्यायच्या मायनं तान्हेपनीच करून घेतलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

रणजित यांनी हात काढला नाही. त्या हाताखाली साळव्यांचा अंगठा पुढच्या प्रश्नासाठी पुन्हा गळ्याकडे निघाला होता.