झाकलेलं पातेलं

रात्रीतून त्रेचाळीस कामगारांना जुलाब लागले आणि सकाळी आठच्या आत कारखान्याने दोषी कोण ते ठरवूनही टाकलं: फाटकाबाहेर कापलेली फळं विकणारी मावशी.

"संध्याकाळपर्यंत ही गाडी इथून हलली पाहिजे," व्यवस्थापकांनी पहारेकऱ्याला बजावलं. मावशीने वाद घातला नाही. कलिंगडावरचं फडकं तेवढं सारखं केलं. अकरा वर्षांची जागा होती आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

नऊ वाजता आरोग्य निरीक्षक बाई आल्या. या महिन्यातला त्यांचा हा चौथा कारखाना.

"उगाच दमताय बाई," व्यवस्थापक म्हणाले. "सुटल्यावर फळं खाल्ली, रात्री पोट धरून बसले. सरळ हिशेब आहे."

"सरळ दिसतोय खरा." बाईंनी वही उघडली. "काल दिवसभर कोणी काय खाल्लं ते विचारते. आजारी नाहीत त्यांनाही."

"त्यांना कशाला? ते तर धडधाकट आहेत!"

"म्हणूनच विचारायचं."

दोन तास त्या विचारत राहिल्या. घरी पडून असलेल्यांना फोन केले. कोणी वैतागले, कोणी थट्टा केली, "बाई, परवाचंही सांगू का?" त्याही म्हणाल्या, "सांगा."

साडेअकराला त्यांनी वही व्यवस्थापकांपुढे ठेवली. आजाऱ्यांपैकी फळं खाल्लेले सतराच निघाले. फळं खाऊनही ठणठणीत राहिलेले बावीस जण होते, बहुतेक घरून डबा आणणारे. उपाहारगृहातला दुपारचा रस्सा मात्र त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांनी खाल्ला होता.

"दुपारचं रात्री कसं बाधेल?"

"काही जंतू आठ-दहा तासांनी, कधी त्याहून उशिरा त्रास देतात. आपल्याला आठवतो तो शेवटचा घास."

दोघे उपाहारगृहात गेले तसे तिथले आचारीकाका भडकले. "माझ्या रश्श्याला नाव ठेवता? बावीस वर्षांत पातेलं उघडं राहिलेलं नाही! आदल्या संध्याकाळी शिजवतो, घट्ट झाकतो. माशीची टाप नाही आत शिरायची!"

आजचं पातेलं ओट्यावरच होतं, कमरेएवढं. काल संध्याकाळी शिजवलेलं.

"हात लावून बघा, काका."

"गार आहे."

बाईंनी झाकण काढलं, लांब दांडीचा तापमापक रश्श्याच्या मध्यापर्यंत खुपसला. काका वाकून आकडा वाचू लागले. एक्केचाळीस अंश!

"सोळा तास झाले," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. अशी ऊब मिळाली की फोफावतात. तुम्ही माशी बाहेर ठेवलीत काका, पण ऊब आत कोंडलीत. शिजलं की उथळ ट्रेमध्ये काढा, लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा. वाढण्याआधी खळखळून उकळा."

"आम्ही नुसतं कोमट करून वाढतो. घाई असते हो."

अर्ध्या तासात जेवणाची घंटा होणार होती. काकांनी पातेल्याचा एक कान धरला आणि व्यवस्थापकांकडे पाहिलं. "साहेब, दुसरा तुम्ही धरा. टाकून देऊ."

"अहो, मग जेवायला काय?"

"भात टाकतो. उशीर होईल. होऊ दे!"

कारखाना सुटला तेव्हा मावशी गाडी आवरत होती. आदल्या दिवशीचं गिऱ्हाईक नजर चुकवून पुढे जात होतं. व्यवस्थापक येऊन म्हणाले, "मावशी, चूक आमची झाली. जागा तुमचीच." ती नुसती मान हलवून म्हणाली, "जागेचं काय साहेब! आता घेणार कोण?"

तेवढ्यात आचारीकाका आले. त्यांनी एक डिश घेतली आणि फाटकाच्या मधोमध उभं राहून खाऊ लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझ्या रश्श्यानं झालं ते. हिच्या फळांनी नाही." बावीस वर्षांत एवढं जड वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. तीन डिश खपल्या. रोज चाळीस खपत.

वाचकहो, आजाराचं कारण शोधायला एक वही आणि दोन तास पुरले. ज्याच्यावर ठपका ठेवणं सोपं, त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी आपण तेवढेही थांबत नाही. आधी विचारा, मग बोला. आणि घरी गेलात की ओट्यावर झाकून ठेवलेलं ते मोठं पातेलं एकदा उघडून बघा.