मिशीसाहेबांचा नवा रेणू

प्रयोगशाळेत सगळे तिला धाकटी म्हणत आणि प्रमुखांना, अर्थात त्यांच्या पाठीमागे, मिशीसाहेब. मिशी होतीच तशी. तिच्यावरून दहा-दहा वेळा तेलाचं बोट फिरवल्याशिवाय साहेबांचा दिवस सरत नसे. धाकटीची नोकरी कायम करायचं पत्र आठवडाभर त्यांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडलं होतं, म्हणून ती बिचारी त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती.

त्या सकाळी इस्पितळातून पांढरी भुकटी आली. ती खाऊन एक गृहस्थ कालपासून घोरत होते आणि औषध कोणतं ते कळेपर्यंत डॉक्टरांचे हात बांधलेले होते. साहेबांनी भुकटी यंत्रासाठीच्या खास मिठात खलली, स्वतःच्या हाताने वडी दाबली आणि अवरक्त किरणांसमोर ठेवली. रेणू जे किरण गिळतो, तिथे आलेखात खड्डा पडतो. खड्डे जुळवले की रेणूची ओळख पटते. इथले सगळे खड्डे झोपेच्या एका जुन्या औषधाशी जुळले. दोन मात्र जादा निघाले.

"लांब शेपटीचा नवा रेणू!" साहेब खुर्चीतून उठलेच. "याला नाव माझंच द्यायचं. धाकटे, अहवाल टाईप कर!"

असे दोन खड्डे तेलाच्या रेणूच्या लांब शेपटीचे असतात, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. बोलावं तर सही गेली. गप्प बसावं तर तिकडे तो माणूस घोरतच राहणार.

"साहेब, खात्रीसाठी आणखी एक वडी करून द्या ना," ती म्हणाली. "तुमच्यासारखी कुणाला जमत नाही." आणि तिने दुसरा खल पुढे सरकवला.

साहेब फुलले. मिशीवरून बोट फिरलं, वडी दाबली गेली, यंत्रातून कागद बाहेर आला.

"बघ! तेच दोन! आता बोल!"

"साहेब, यात औषध नाहीच. नुसतं मीठ आहे."

"मग हे काय आहे?"

धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली, "मिशी."

साहेबांचा हात वर निघाला आणि वाटेतच थांबला. मग त्यांनी स्वतः इस्पितळात फोन लावला आणि जुन्या औषधाचं नाव सांगितलं. फोन ठेवून पत्र ओढलं, सही ठोकली. धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं.

सहीशेजारी अंगठ्याचा तेलकट डाग उमटला होता.

"हे यंत्रात घालू नकोस," साहेब म्हणाले, आणि हात धुवायला गेले.