डावं मडगार्ड

उज्वलानं भांडी घासायच्या नव्या स्पंजमधून हरभऱ्याएवढा तुकडा तोडला, चिमट्यात धरला आणि तपकिरी रंगात टेकवून आधी जुन्या वर्तमानपत्रावर टिपला. कागदावर ठिपके अगदी बारीक उमटायला लागले, तेव्हा कुठे तिनं श्वास रोखून तो गाडीच्या कडेला लावला. एक ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा.

गाडी तळहातावर मावेल एवढीच होती. सहा चाकं, पुढं तिरपं चिलखत, वर तोफ, आणि मध्ये उघड्या खोबणीत बसलेला नखाएवढा एकच चालक. कुठल्याशा तांबड्या ग्रहावर हजार वर्षांनी होणार असलेल्या लढाईतली गाडी. असल्या पलटणी टेबलावर मांडून तासन् तास खेळणारी मंडळी पुण्यात होती, आणि नांदेडच्या कॉलेजातली तिची मैत्रीण बुद्धप्रिया त्यांच्यातलीच. ती कोऱ्या, राखाडी प्लास्टिकच्या गाड्या पाठवायची. उज्वला रंगवून परत धाडायची. मागच्या वर्षी त्यांच्या प्रदर्शनात उज्वलाचा एक रणगाडा ठेवला होता. त्याच्यासोबत परीक्षकांची चिठ्ठी परत आली : ‘हात सुरेख. पण जीव नाही.’ ती चिठ्ठी तिनं रंगांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती. डबा उघडला की आधी तीच दिसायची.

यंदाची गाडी आज संध्याकाळी निघायला हवी होती. सहाला तिचा नवरा हरिओम कामावरून येणार आणि ती कुरिअरला टाकणार. लहानगी लेक माऊ झोळीत झोपली होती तोवरचाच वेळ काय तो तिचा. त्यात लातूरचा एप्रिल. कुंचल्यावरचा रंग गाडीपर्यंत पोचेपर्यंत सुकायला बघायचा.

झोळीची दोरी मामांच्या हातात होती. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी मामी गेल्या, आणि रामकिशनमामा अहमदपूरजवळच्या गावाहून या दोन खोल्यांत राहायला आले. जमीन भावाकडं दिली, ट्रॅक्टर पुतण्याकडं. बोलणंही तिकडंच कुणाला तरी देऊन आल्यासारखे गप्प असायचे. "हाव", "न्हाई", "जेवलो", एवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. मामींचं नाव तर त्यांनी या घरात एकदाही काढलं नव्हतं. दुपारची भाकरी झाली की मात्र आपण होऊन झोळीपाशी येऊन बसत आणि दोरी ओढत राहत.

"काय करून राहिलीस?"

उज्वलाचा चिमटा हवेतच थांबला. मामांनी आपणहून काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"गाडी जुनी करते, मामा."

"नवी गाडी जुनी करून राहिलीस?"

"हो."

"लोकं जुनीला रंग मारून नवी म्हणून खपवतेत. तुझं उलटंच हाय."

तिला हसू आलं. "लढाईतली गाडी आहे ना. वापरलेली दिसायला पाहिजे."

मामांनी दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि हात पुढं केला. गाडी ओली होती. उज्वला क्षणभर घुटमळली, मग म्हणाली, "चाकांना धरा, मामा." आणि गाडीबरोबर आपलं भिंगही दिलं.

त्या हातात गाडी आणखीच लहान दिसली. मामांनी ती उजेडाकडं धरून फिरवली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. पाय झोका देतच होता.

"ही चालल्यालीच न्हाई."

"म्हणजे?"

"कुणी बसल्यालंच न्हाई हिच्यावर. सगळीकडून सारखीच झिजलीय. असं कुठं झिजतंय व्हय? ह्यो गडी वर चढतो कुठून?"

हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. "इकडून चढत असेल."

"असेल न्हाई, सांग. पाय कुठं ठिवतो? तिथला रंग पयला जातो. मंग हात कशाला धरतो? तिथं रंग जायचा न्हाई, तेलकट चकाकी येती. अन् हे तोफेच्या टोकाला तू गंज दिलाय, तिथं कोण जातंय मरायला?"

उज्वलानं उघड्या डब्याच्या झाकणाकडं पाहिलं. मग गाडी परत घेतली आणि तासाभराच्या मेहनतीचे ठिपके मूळच्या मातकट हिरव्या रंगाखाली एकेक करून झाकून टाकले. पायरीसारख्या एका कडेवर रंग खरवडला. चालकाच्या खोबणीशेजारच्या कडीवर टिकलीएवढ्या जागेत चकचकीत वार्निश लावलं. मधूनच ती विचारायची, "इथं?" मामा नुसती मान हलवायचे, होकाराची किंवा नकाराची.

"अन् दुसऱ्यानं कुठं बसायचं?"

"दुसरं कुणी नाही, मामा. एकाचीच गाडी आहे ही."

"एकाची कशी? लढाईला जाऊ दे न्हाईतर शेताला, भाकर कोण घेऊन येतंय संगं?"

उज्वला खुदकन हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी करंगळीचं नख मागच्या चाकावरच्या पत्र्याला टेकवलं.

"हितं बसल. डाव्या अंगाला."

"चाकावर?"

"मडगाडवर. आपल्या ट्रॅक्टरचं डावं मडगाड बघितलं न्हाईस तू? समदा ट्रॅक्टर लाल, अन् तिथं वंजळभर पत्रा उघडा. ईस वर्षं."

तिनं पाहिलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा शेतात गेली तेव्हा मामी त्याच जागेवर पदर खोचून बसल्या होत्या. मांडीवर भाकरीचं फडकं, एक हात पत्र्याच्या कडेवर.

"खड्डा आला की गच्च धरायची," मामा म्हणाले. "अन् वरडायची. ‘हळू चालवा की, कुणाची वरात गाठायचीय!’"

शेवटचं वाक्य त्यांच्या आवाजातलं नव्हतं. पाय थांबला होता. झोळीत माऊ कुरकुरली, तशी दोरी पुन्हा हलायला लागली. उज्वलानं मान वर केली नाही. ती डाव्या मडगार्डावर वाकली. आधी गडद तपकिरी, मग त्याच्या आत थोडा रुपेरी; कडेला जास्त, आत येता येता विरळ. पाठीला कळ लागली तरी सरळ झाली नाही. झाल्यावर गाडी त्यांच्यासमोर धरली.

मामांनी भिंग लावलं. बराच वेळ लावला.

"नुसता हात नसतोय," ते म्हणाले.

"मग?"

"बांगड्या असतेत."

उज्वला उठली, शिवणाच्या डब्यातली सर्वांत बारीक सुई घेऊन आली.

"आडव्या ओढू?"

"तिरप्या. धरताना मनगट असं कलतं." त्यांनी आपलंच मनगट कलवून दाखवलं. उन्हानं रापलेलं, रिकामं मनगट. तिनं ते नीट पाहून घेतलं आणि एकेक ओरखडा काढला. केसाएवढे, तिरपे, एकावर एक पडलेले. कुणी मोजायला बसलं तर चुकेल इतके.

पावणेचारला माऊ रडत उठली आणि दोन्ही हात वर करून झोळीतून बाहेर झेपावली. मामांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि अंगणात नेलं. उज्वलाला आणखी पंधरा मिनिटं मिळाली. ती तिनं गाडीला हातही न लावता, नुसतं बघण्यात घालवली.

हरिओम सहाला आला. कापसात गुंडाळताना म्हणाला, "अगं, हे मागं खरचटलंय. ब्रश मारायचा राहिला का?"

"राहू दे तसंच."

त्यानं खोक्याला चिकटपट्टी लावली.

दहाबारा दिवसांनी, अशाच एका दुपारी, बुद्धप्रियाचा निरोप आला. उज्वलानं तो मनात वाचला, मग झोळीशी बसलेल्या मामांना ऐकू जाईल एवढ्या हलक्या आवाजात पुन्हा वाचला. "‘तुझी गाडी हातात आली की लोक खाली ठेवतच नाहीत. पण परीक्षक विचारतायत, डावीकडं मागं ते घासलंय कशानं? चालकाचा हात तर तिथवर पोचत नाही. काय सांगू?’"

मामांनी दोरी दोनदा ओढली. तिसऱ्यांदा ओढली.

"सांग तिला, रस्ता लई खराब होता."

उज्वलानं तेवढंच लिहिलं आणि पाठवलं. फोन उपडा ठेवून ती नव्या कोऱ्या गाडीचं एक चाक कानशीनं घासायला लागली. खोलीत कानशीचा आणि दोरीचा आवाज तेवढा होता.

"मी काय जोरात चालवत नव्हतो," मामा म्हणाले. तिला नव्हे.