छडीच्या अंगावरची खाच

मित्रांनो, हात मागे लपवू नका. मी एक जुनी छडी आहे हे खरं, पण आता मी कुणाला मारत नाही. सहावीच्या वर्गात माझं काम वेगळं आहे. मी ज्याच्या हातात असेन त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वर्गात बोलायचं असेल तर मुख्याध्यापकसुद्धा माझ्यासाठी हात पुढे करून थांबतात. एका छडीला याहून मोठा मान कुठला मिळणार?

माझा जन्म खुर्च्या विणणाऱ्या एका कारागिराकडे झाला. शाळेच्या खुर्चीची पाठ विणून झाली आणि वेताचा एक तुकडा उरला. त्याने तो काचेने घासून गुळगुळीत केला, मुठीला निळा दोरा गुंडाळला आणि खुर्चीबरोबर तसाच देऊन टाकला. खुर्ची केव्हाच मोडली. मी आहे.

त्या काळी नागरिकशास्त्र गुरुजी शिकवायचे. भिंतीवर तक्ता टांगायचा, माझं टोक एकेका ओळीवर ठेवायचं आणि पन्नास मुलांनी एका सुरात म्हणायचं, "नागरिकाची कर्तव्ये सात. कर्तव्य पहिले..." गुरुजी मनाने वाईट नव्हते. ते स्वतःही असेच शिकले होते. झोपेतून उठवलं तरी मुलं सातही कर्तव्यं घडाघडा म्हणायची. मागच्या खिडकीला मात्र काच नव्हती, नुसता पुठ्ठा होता, आणि थंडीत त्याच्या फटीतून वारा आत यायचा.

एके दिवशी त्या खिडकीखालच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "गुरुजी, ही काच बसवणं कुणाचं कर्तव्य? सातांत कुठं येतं ते?"

वर्ग हसला. गुरुजींना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या वहीची पानं वाऱ्याने फडफडत होती, ती मी पाहत होते. "हात पुढे कर," गुरुजी म्हणाले. तळव्यावर बसायचा फटका करंगळीच्या सांध्यावर बसला. मी ते केलं. त्यानंतर त्या वर्षी कुणी प्रश्न विचारला नाही.

गुरुजी निवृत्त झाले. काही वर्षांनी बाई आल्या. त्यांनी तक्ता गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "आपल्या वर्गात काय बिघडलंय?" सगळी बोटं मागच्या खिडकीकडे वळली. पुठ्ठा तिथेच होता, फक्त तिसरा का चौथा. बाईंनी मुलांना अर्ज लिहायला लावला. "नुसतं 'काच द्या' म्हटलं तर कुणी देत नाही. माप लिहा."

पट्टी तोकडी पडली म्हणून मला कपाटावरून उतरवलं. चौकटीवर आडवी धरली तेव्हा मी चार बोटं जास्त भरले. एका मुलीने पेन्सिल तासायच्या ब्लेडने बरोबर तिथे खाच पाडली. पहिल्या अर्जाला उत्तरच आलं नाही. दुसऱ्याला 'विचार करू' असं आलं. तिसरा कचेरीत हरवला. चौथा देताना मुलांनी पोच लिहून घेतली, आणि काच आली. बसवणारा काचवाला म्हणाला, "माप कुणी घेतलं हो? सूतभर फरक नाही." त्या दिवशी मी अगदी ताठ उभी होते. तशी मी नेहमीच ताठ असते म्हणा.

पुढे मात्र नागरिकशास्त्र वीस गुणांपुरतं उरलं. "परीक्षेला येणार तेवढंच सांगा," मुलं म्हणायची आणि पालकही म्हणायचे. अर्जाचा नमुना सगळ्यांना पाठ होता, पण एकही अर्ज कुठे गेला नाही. मी कपाटामागे धूळ खात पडले. प्रोजेक्टरचा पडदा वर अडकला की तेवढी माझी आठवण व्हायची.

आताच्या टीचरनी मला शोधून काढलं, पुसलं आणि शुक्रवारच्या वर्गसभेत मुलांच्या हाती दिलं. सगळं छान चाललं होतं. मग पालकसभेला एक आई आली. टेबलावर मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"टीचर, वर्गात छडी? माझी मुलगी घरी काही बोलत नाही, पण मी रोज तिचे हात तपासते. माझ्या बाबांची करंगळी याच शाळेत वाकडी झालीय. ही बाहेर गेली पाहिजे."

टीचर वाद घालत बसल्या नाहीत. "ती माझी नाही, वर्गाची आहे. शुक्रवारी सभेत मांडाल का? बाबांनाही घेऊन या."

शुक्रवार उजाडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. वर्गाने नाही म्हटलं की मी चुलीत जाणार, हे मला दिसत होतं.

आई बोलली. बोलताना मला तिने दोन बोटांत धरलं होतं, मेलेल्या पालीला धरावं तसं. मग तिच्या मुलीने मला घेतलं. "आई, ही मारत नाही गं. ही आली की माझी पाळी येते."

"हिच्याऐवजी डस्टर धरू," एकाने सुचवलं.

"म्हणजे बोलायच्या आधी शिंकायचं," दुसरी म्हणाली.

शेवटी आजोबांची पाळी आली. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. करंगळी तेवढी कामातून गेली होती. त्यांनी मुठीचा निळा दोरा पाहिला. "हीच ती," ते म्हणाले.

"मी बोलेन तोवर कुणी अडवणार नाही ना?"

"नाही आजोबा. तसा नियमच आहे."

"मग माझा साठ वर्षांपूर्वीचा प्रश्न पुरा करतो. तेव्हा त्या मागच्या खिडकीला पुठ्ठा होता. काच बसवणं कुणाचं काम, एवढंच मी विचारलं होतं. आज तिथं काच दिसतेय. कुणी बसवली?"

कुणालाच माहीत नव्हतं. टीचरनाही नाही. मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

तेवढ्यात त्यांच्या नातीने हात पुढे केला. "टीचर, हिच्यावर एक खाच आहे. माझं बोट नेहमी तिथं अडकतं." ती मला घेऊन खिडकीपाशी गेली आणि मूठ चौकटीच्या एका कडेला लावली. खाच बरोबर दुसऱ्या कडेवर आली.

"हिनंच खिडकी मोजलीय, आजोबा. काचेसाठी."

आजोबा उठून आले. आपली वाकडी करंगळी त्यांनी खाचेत ठेवली आणि बराच वेळ काढलीच नाही. "म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी विचारलं," ते म्हणाले. "मी समजत होतो, तो प्रश्न तिथंच मेला."

मग आईने हात पुढे करून मला मागितलं, आणि या वेळी मुठीत धरलं. "राहू दे हिला. पण टीचरच्या टेबलावर नको. मुलांच्या कपाटात ठेवा. कुणाही मोठ्या माणसानं मुलांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

वर्गाने अटीसकट मत दिलं. सगळे हात वर होते. पालकांना मत नव्हतं, तरी आईचाही हात अर्धा वर गेलेला मी पाहिला.

मित्रांनो, मी मारलं तेही खरं आणि मी मोजलं तेही खरं. ज्या हाताने धरावं तशी मी होते. म्हणून मला तेल लावून कपाटात जपू नका. हातात घ्या. काही मोडलेलं दिसलं तर विचारा, नीट माप घ्या, अर्ज लिहा. आणि पोच घ्यायला विसरू नका.