जाळीपाशी दोन हॉर्न

हॉबर्न गावातल्या शाळेत बर्फ पडायला लागलं की डोंगरावरची पोरं हरखायची आणि गावातली पोरं जळफळायची. नियमच तसा होता. वरच्या खोऱ्यातून कुणाचा तरी फोन यायचा, की रस्ता पांढरा व्हायला लागलाय. मग ऑफिसातल्या बाई भोंग्यावरून ओरडायच्या, "वरच्या खोऱ्याची बस!" तास भूगोलाचा असो की सुतारकामाचा, डोंगरी पोरं दप्तरं उचलून चालती व्हायची. फाटकाशी ड्रायव्हर वॉटीची बस घरघरत उभी असायची, आणि मागे राहिलेली गावातली पोरं खिडकीतून मेंढरासारखं 'बेंऽ बेंऽ' करून त्यांना निरोप द्यायची.

शाळा अवाढव्य होती. चार-पाच खोऱ्यांतली मिळून हजारावर पोरं. इमारतींना सपाट छतं. स्कॉटलंडवरून थेट वारा आणि पाऊस येतो त्या मुलखात सपाट छत घालणाऱ्याचं डोकं तपासायला हवं होतं, पण ते काम सरकारी होतं, त्यामुळे वऱ्हांड्यात बादल्या ठेवून भागवायचं. त्याच सरकारनं असंही ठरवलं होतं की डॉक्टरची मुलगी आणि मेंढपाळाची मुलगी एकाच छपराखाली शिकेल. शिकत होत्याही. फक्त छपराखाली तुकड्या होत्या, आणि शेवटच्या वर्षी परीक्षाही दोन होत्या, एक वरची आणि एक खालची. वरची दिली तर पुढे कॉलेज. खालची दिली तर दुकान, गॅरेज, नाहीतर घरचा गोठा. कुणी कुठली द्यायची हे थंडीतल्या सराव परीक्षेवर ठरायचं, आणि थंडीत बर्फ पडायचं. दरवर्षी डोंगरी पोरं बहुतेक सगळी खालच्या परीक्षेला बसायची. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, म्हणूनच कुणाला त्याची लाजही वाटत नव्हती.

लॉर्ना हेडलीला मात्र वरच्याच परीक्षेला बसायचं होतं. ग्रेशील वाडीच्या मेंढपाळ आर्ची हेडलीची ही एकुलती एक मुलगी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी रसायनशास्त्र वरचंच लागायचं. सराव परीक्षेच्या दिवशी भोंगा वाजला आणि तिचा पेपर कोराच राहिला. रसायनचे पर्विस सर खडूस होते, पण मनानं वाईट नव्हते. गैरहजर राहिलेल्यांसाठी त्यांनी शुक्रवारी दुपारी पुन्हा पेपर ठेवला.

"ही शेवटची संधी, लॉर्ना," ते म्हणाले. "दर बर्फागणिक नवा पेपर काढत बसलो तर मी म्हातारा होईन. झालोच आहे म्हणा."

त्या शुक्रवारी सकाळी बाबा तिला बसपर्यंत सोडायला आले. ग्रेशीलचा फाटा म्हणजे रस्त्यात आडवी बसवलेली लोखंडी गजांची जाळी. फटींत पाय अडकतील म्हणून मेंढ्या ती ओलांडून पलीकडे जात नाहीत. बस जाळीवरून खडखडत आली की वॉटी दोनदा हॉर्न द्यायचा. तो पोरांसाठी नव्हता, आर्चीसाठी होता. दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकाच बाकावरून हाकललेले. लोकर कातरायच्या दिवसांत वॉटी दरवर्षी ग्रेशीलला यायचा आणि टांगलेल्या पोत्यात उतरून लोकर दाबून बसेल अशी तुडवायचा. पोतं भरत गेलं की तो हळूहळू वर यायचा, आणि वर येताना आर्चीच्या कातरणीला नावं ठेवायचा.

बाबांनी आभाळाकडे बघितलं. "लक्षण बरं नाही. भोंगा वाजला की तडक बसमध्ये बस. गोठ्यापर्यंत आणायला वेळ मिळाला नाही तर मेंढ्या गाडल्या जातील, आणि मॉस माझं ऐकत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

मॉस कुत्रा लॉर्नानं बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. तो तिच्याच शिटीवर चालायचा. "कुत्रा माझा, त्याचं खाणं माझं, आणि हुकूम हिचा," असं बाबा लोकांना तक्रारीच्या सुरात सांगायचे आणि आतून फुगायचे. मॉसला एक विद्या होती. बर्फाखाली मेंढरू दबलं की तो बरोबर त्याच्या वर जाऊन उकरायला लागायचा. वेळेवर उकरून काढलं तर मेंढरू कितीतरी दिवसांनीसुद्धा जिवंत निघतं. नाही काढलं तर बर्फ वितळल्यावर सापडतं.

दुपारी पेपर सुरू झाला. पहिले दोन प्रश्न लॉर्नाला असे आले की तिचा तिलाच विश्वास बसेना. तिसरा लिहायला घेतला आणि भोंगा खरखरला. "वरच्या खोऱ्याची बस!"

पर्विस सर खिडकीबाहेर बघत राहिले. "मी काही म्हणणार नाही," ते म्हणाले. "गावात तुझं बर्फाचं घर आहे ना?"

होतं. प्रत्येक डोंगरी पोराला गावात एक बर्फाचं घर नेमून दिलेलं असायचं. रस्ता बंद झाला तर तिथं जेवायचं, तिथंच झोपायचं. लॉर्नाचं घर म्हणजे मिसेस टेट, लोकरीचे मोजे विणणारी विधवा. लॉर्ना कोट न घालताच धावत फाटकाशी गेली.

"वॉटीकाका, मी आज मिसेस टेटकडे राहतेय. बाबांना सांगितलंय."

वॉटीनं तिच्याकडे नीट बघितलं. "आर्चीला माहितेय? आजच्या दिवशी?"

"हो."

"आणि कुत्रा?"

"बोलणं झालंय आमचं. जा तुम्ही."

मागून पोरं ओरडत होती, की चला, रस्ता बंद होईल. वॉटीनं मान हलवली आणि दार लावलं. लॉर्ना परत येऊन बाकावर बसली. तिचे हात गारठले होते, पण पेपर तिनं असा लिहिला की त्याआधी कधी लिहिला नव्हता.

संध्याकाळी मिसेस टेटकडून तिनं घरी फोन केला. आईनं घाईघाईनं उचलला. "अगं कुठे आहेस? बस येऊन गेली!"

"बस चुकली माझी," लॉर्ना म्हणाली. "वॉटीकाका थांबलेच नाहीत."

हे वाक्य तिनं ठरवून आणलं नव्हतं. ते तोंडातून आपोआप निघालं, आणि निघाल्यावर मागं घेता येईना. आई काहीतरी म्हणत होती तेवढ्यात फोन मेला. वरच्या खोऱ्यातल्या तारा तुटल्या होत्या.

मग बर्फानं जे धरलं ते सोडेचना. मिसेस टेट तिला गरम सूप द्यायच्या, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या, आणि "किती गुणी मुलगी, पेपरसाठी राहिली" असं शेजारणीला सांगायच्या. लॉर्ना सूप अर्धं ठेवून खिडकीशी जायची. झोप लागली की तिला मॉस दिसायचा.

रस्ता खोदून मोकळा झाला तेव्हा एका ट्रॅक्टरनं तिला वर सोडलं. जाळीपाशी मॉस बसला होता. तो उठला, तिच्या पायाशी आला आणि थरथरत उभा राहिला. मागून बाबा आले. त्यांच्या हातात लांब काठी होती आणि दाढी वाढलेली होती.

"इथंच बसून होता," बाबा म्हणाले. "ओढून नेला की परत इथंच. बसची वाट बघत होता."

लॉर्नानं दोन बोटं तोंडात घातली. पहिली शिटी फुटलीच नाही. दुसरी फुटली, आणि मॉस बाणासारखा सुटला. बाबा इतके दिवस वरच्या भिंतीशी बर्फात काठी खुपसून मेंढ्या शोधत होते. मॉस खालच्या भिंतीशी गेला आणि उकरायला लागला. वाऱ्यापासून आडोसा म्हणून सगळा कळप त्या भिंतीला चिकटून उभा राहिला होता, आणि बर्फानं तो तसाच झाकून टाकला होता. अंधार पडेपर्यंत ते दोघं फावडी मारत राहिले. कडेच्या काही मेंढ्या धडपडत बाहेर आल्या. मधल्या सगळ्या एकमेकींवर रेलून गुदमरल्या होत्या. सगळ्या गाभण होत्या. शुक्रवारच्या बसनं आली असती तर यातल्या बऱ्याच वाचल्या असत्या, हे लॉर्नाला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुन्हा बस सुरू झाली त्या सकाळी जाळीवर खडखडाट झाला, दोनदा हॉर्न वाजला, आणि बाबा बसच्या दारासमोर जाऊन उभे राहिले.

"माझी पोर मागे ठेवून आलास तू," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तरी बसमधली पोरं पुढे येऊन बघायला लागली. "एवढी कसली घाई होती, वॉटी? घरी तुझी मेंढरं गाडली जात होती का? तुझ्याकडे एक तरी आहे का?"

लॉर्ना पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. आत्ता बोलायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वॉटीनं तिच्याकडे एकदाच बघितलं.

"चुकलं माझं, आर्ची," तो म्हणाला.

"परत माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

"बरं."

बस निघाली. लॉर्ना वॉटीच्या मागच्या सीटवर बसली. ती पुढे वाकून पुटपुटली, "का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पोरगी खोटं बोलली म्हणून? आधीच त्याचा अर्धा कळप गेलाय." वॉटीनं आरशात तिच्याकडे बघितलं नाही. "माझी आणि त्याची गाठ जाळीपाशी दोन हॉर्नांपुरती पडते. तू त्याच्यासमोर रोज जेवायला बसतेस. आता डोळे पूस, पोरं बघतायत."

त्याच दिवशी सकाळच्या सभेत मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की बर्फामुळे फारच मुलांचं नुकसान झालं, विशेषतः डोंगरावरच्या. त्यांच्यावर अन्याय नको. म्हणून झालेले सगळे सराव पेपर रद्द, मार्चमध्ये सगळे पुन्हा बसतील. डोंगरी पोरांनी टाळ्या पिटल्या. लॉर्नाच्या पाठीवरही कुणीतरी थाप मारली. ती तशीच उठून संडासात गेली, कडी लावली आणि तोंडात मफलर कोंबून रडली. ज्या पेपरासाठी तिनं हे सगळं केलं, तो आता रद्दीत जाणार होता.

संध्याकाळी बाबा गोठ्यात होते. वाचलेल्या मेंढ्यांना चारा घालत होते. लॉर्ना दारातच उभी राहिली.

"बाबा, वॉटीकाकांनी मला सोडलं नव्हतं. मीच त्यांना जा म्हटलं. पेपर होता."

बाबांनी चाऱ्याचा भारा खाली ठेवला. "माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वॉटीनं आजवर एक पोर मागे टाकलेलं नाही. एकदा तर त्या मिलबर्नच्या पोराच्या बुटासाठी बस उलटी फिरवली होती."

"मग तुम्ही त्यांना असं का बोललात?"

"कुणाला तरी बोलायलाच हवं होतं. नाहीतर मी फुटलो असतो." बाबा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "आणि तुला बोललो असतो तर तू उद्यापासून शाळेचं नाव घेतलं नसतंस. ओळखतो मी तुला."

हे खरंच होतं.

"मग त्यांना सांगा ना. उद्या सकाळीच. मी पण येते बरोबर."

"सांगेन."

दुसऱ्या दिवशी बस आली तेव्हा बाबा भिंतीचे दगड रचत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखत होता. जाळीवर खडखडाट व्हायचा, पण हॉर्न वाजत नव्हता. लॉर्नानं वॉटीला सांगून टाकलं, की बाबांना सगळं कळलंय. "बरं झालं," वॉटी म्हणाला. "येईल तो त्याला यावंसं वाटेल तेव्हा." पण बाबांना, आपण जाणूनबुजून बोललो, हे कबूल करायला जायचं होतं, आणि तेच त्यांच्यानं होईना. वॉटीला दारात पाय ठेवू नको म्हटलेलं होतं, म्हणून तो आपणहून येणार नव्हता. लाज वाटायला लागली की ही डोंगरातली माणसं दगडासारखी होतात. मार्चमध्ये लॉर्नानं पेपर पुन्हा लिहिला. पहिल्याइतका चांगला झाला नाही, पण पुरेसा झाला. तिचं नाव वरच्या परीक्षेत गेलं.

जूनमध्ये परीक्षा संपली आणि जुलैत लोकर कातरायचे दिवस आले. शेजारपाजारचे दोघे मदतीला आले. तुळईला पोतं टांगलं गेलं, आणि त्यात कोण उतरणार असं कुणीच विचारलं नाही. लॉर्ना उतरली. वरून लोकर पडत होती, ती तुडवत होती. लोकरीच्या तेलानं तिचे पाय चिकट झाले होते. दरवर्षी दुपारच्या चहाच्या वेळेला पोतं इतकं भरायचं की वॉटीचं डोकं तुळईला लागायचं आणि तो शिवी हासडायचा. मग पोत्याचं तोंड शिवायचं.

चार वाजून गेले तेव्हा खाली रस्त्यावर बसचा आवाज आला. पोरं घरी परतत होती. पोत्याच्या काठावरून लॉर्नाला बाबांचा कातरीवरचा हात थांबलेला दिसला. मेंढी त्यांच्या गुडघ्यांत गप्प पडून होती. जाळीवर खडखडाट झाला. बाबांनी मान वर केली आणि तशीच धरली. बस तिथं क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग गिअर बदलला, आणि आवाज वळणापलीकडे गेला.

पोत्यातून बाहेर यायला लॉर्नाला दोन उड्या पुरल्या असत्या. रस्त्यापर्यंत धावायला फार वेळ लागला नसता. ती तिथंच उभी राहिली. पुढे आयुष्यभर, जनावरांची डॉक्टर म्हणून दुसऱ्यांच्या गोठ्यांत गुडघ्यावर बसून अडलेल्या मेंढ्यांची कोकरं बाहेर काढताना, तिला ही न मारलेली उडी आठवत राहिली.

शेवटची मेंढी कातरून झाली. बाबांनी शेवटची लोकर वर फेकली.

"बाबा, माझ्या कमरेइतकंसुद्धा भरलं नाही अजून."

बाबांनी पोत्याकडे बघितलंच नाही. ते कातर पुसत होते.

"तेवढंच आहे," ते म्हणाले. "शिवून टाक."