ओसाकाचं विमान

सिर्कूने उभा जन्म कंपनीच्या लांब पल्ल्याच्या विमानांचे मार्ग आखण्यात घालवला होता. हेलसिंकीहून निघायचं, रशियावरून सरळ आशिया गाठायचा आणि तेच विमान दिवसभरात परत आणायचं. सगळा धंदा त्या जवळच्या वाटेवर उभा होता. मग त्या शेजाऱ्याने, रशियाने, आपलं आकाश बंद केलं. आता ध्रुवाला वळसा पडायचा आणि एकाच फेरीला दोन विमानं अडकायची. जुनी विमानं मोडीत निघालेली, नवी कारखान्यात रखडलेली. कारखानावाले दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत. सिर्कू या साऱ्याला पार विटली होती.

शेवटी ओसाका किंवा सोल, एकावर काट मारायची वेळ आली. ओसाकाला तिची लेक वेन्ला होती. तिथल्याच मुलाशी लग्न केलेलं, येत्या वसंतात पहिलं बाळंतपण. लग्नाच्या वेळी सिर्कूच म्हणाली होती, “रडतेस काय? आपलं विमान आहे की! संध्याकाळी बसले, की सकाळी तुझ्या दारात.”

बैठकीत कॉफी झाली, वेलदोड्याचे पाव संपले. साहेब इल्पो म्हणाला, “दोन्हीकडचे आकडे सारखेच आहेत. सिर्कू, तू म्हणशील ते.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. सोल बंद करा म्हणण्यात काहीच खोटं नव्हतं. पण लेकीसाठी केलं असं कुणी म्हटलं तर? कुणी म्हणणार नव्हतं, पण तिचं तिलाच ते खुपलं असतं.

“ओसाका बंद करू,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर इल्पो कोट चढवत पुटपुटला, “आम्हाला वाटलं, तू सोल म्हणशील. आम्ही सगळे माना डोलवायला तयारच बसलो होतो.”

“मग तोंडात काय बोळा कोंबला होतात?”

“तू ठाम दिसलीस. तुझ्या निर्णयात आम्ही कशाला नाक खुपसायचं?” तो थांबला. “वर अजून कळवलेलं नाही. बदलू का?”

तिला हो म्हणायचं होतं. जीव तुटत होता. पण आता शब्द फिरवायचा म्हणजे पुन्हा सगळ्यांसमोर बसून लेकीचं नाव घ्यायचं, आणि तेवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“राहू दे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेकीला फोन लावला. बाळंतपणाच्या आधीच विमान बंद होणार, हे तिने सांगून टाकलं.

“म्हणजे तू येणार नाहीस.”

“येईन गं. दोन ठिकाणी बदलून येईन.”

“तुझे गुडघे बघ आधी. जिना चढताना दोनदा बसतेस.” वेन्लाने नाक ओढलं. “ओसाकाच्या बाजूने कुणीच बोललं नाही का गं?”

“नाही.”

“आणि तू कुठे होतीस, आई?”