तिसऱ्यांदा विचारलेली हरकत

शुक्रवार, १२ फेब्रुवारी २०१६, सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. ओमानमध्ये, अल हैलमधल्या भाड्याच्या व्हिलाच्या तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या चाळीस आणि मंडळाचे सभासद सत्तेचाळीस. ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती, ते भिंतीला टेकून उभे होते. राकेश मेश्राम उठले. त्यांनी माइक बाजूला सारला आणि हात जोडले.

"मला आता मोकळं करा," ते म्हणाले. "अध्यक्षपद घ्या, सचिवपद घ्या, खजिनदारीही घ्या. पाच वर्षं एकट्याने ओढलं, आता थकलो. जे मंडळाचं होतं ते मंडळाला परत देतो."

दालनात एकच गलका उठला.

"नाही नाही, सर!"

"असं कसं चालेल? जयंतीला हॉल कोण मिळवून देणार?"

"हॉलच्या मालकाशी, त्या अर्बाबाशी, अरबीत बोलणारा दुसरा आहे का आपल्यात?"

"सर, बसा खाली. चहा थंड होतोय!" मागून कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

पहिल्या रांगेत भगवान शेजवळ मात्र मान खाली घालून फरशीच्या सांध्यांकडे पाहत होते. हेच भाषण त्यांनी सकाळी आपल्या स्वयंपाकघरात मुलीच्या तोंडून ऐकले होते.

रचना अकरावीत होती आणि रविवारी तिचा इतिहासाचा पेपर होता. शेजवळांची अभ्यास घेण्याची एक ठरलेली पद्धत होती. जालन्याच्या तंत्रनिकेतनात विद्युत पदविका करताना ती त्यांना लागली होती: जो धडा दुसऱ्याला समजावून सांगता येतो, तोच आपल्याला आला. त्यामुळे रचनाला रोमचे साम्राज्य मराठीत सांगावे लागत होते आणि ती घायकुतीला आली होती.

"बाबा, त्यांच्याकडे किंग नको होता. म्हणून दोन कॉन्सल, एकेक वर्षासाठी. आणि फक्त इमर्जन्सी आली की एक डिक्टेटर. ओन्ली सिक्स मंथ्स. तो... टेंपररीला काय म्हणतात?"

"हंगामी."

"हां, हंगामी. मग सीझर आर्मी घेऊन नदी क्रॉस करून आला. ते अलाउड नव्हतं. आधी थोडे दिवस डिक्टेटर, मग एक वर्ष, मग दहा वर्षं, मग फॉर लाइफ."

"म्हणजे नियम मोडला नाही. फक्त मुदत वाढवत नेली," शेजवळ म्हणाले.

"एक्झॅक्टली. मग सेनेटर्सनी त्याला मारला. पण काही उपयोग झाला नाही. त्याच्या नंतर तिघं आले. ऑक्टेव्हियन, अँटनी आणि लेपिडस. तिघांनी पॉवर वाटून घेतली."

"तिघे असतात तोवर भार वाटला जातो," शेजवळ म्हणाले. "थ्री फेजच्या मोटरसारखं. पण चालू मोटरचा एक फेज गेला तरी ती लगेच थांबत नाही, बरं का. घुमत राहते. बाहेरच्याला वाटतं, ठीक चाललंय. आत वेटोळी जळत असतात."

"बाबा, पेपरमध्ये मोटर नाही येणार!" रचना हसली. "आधी लेपिडस गेला, मग अँटनी. उरला ऑक्टेव्हियन. तो तर सर्वांत स्मार्ट. एक दिवस सेनेटमध्ये गेला आणि म्हणाला, घ्या, सगळं परत घ्या, मला काही नको. तर तेच लोक रडायला लागले, प्लीज जाऊ नका म्हणून. मग त्याने म्हणे नाइलाजाने ठेवून घेतलं. आर्मीसकट. आणि स्वतःला किंग कधीच म्हणवलं नाही. फक्त पहिला नागरिक."

"आणि तो लेपिडस? त्याला मारला?"

"नाही ना. त्याची आर्मी काढून घेतली, पण हेड प्रीस्ट म्हणून ठेवला. मरेपर्यंत. कोणालाच आठवत नाही तो."

ओट्यापाशी भाकरी थापणाऱ्या रचनाच्या आईने, लीलावतीबाईंनी, हात थांबवला. सकाळपासून त्यांच्या मनात संध्याकाळची सभा होती.

"अहो, आज तिथं गप बसा बरं का," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं तुमच्या फाइलीला लागतं."

"मी कुठे काय बोलतो?"

"तेच म्हणते. नकाच बोलू. पोरीची बारावी होऊ द्या."

त्या म्हणाल्या ते खरे होते. पाच वर्षांपूर्वी हे मंडळ तिघांनी उभे केले होते: शेजवळ, धम्मपाल गजभिये आणि राकेश मेश्राम. तिघेही एकाच कंपनीत होते. शेजवळ विद्युत पर्यवेक्षक, गजभिये स्थापत्य अभियंता आणि दोघांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेले मेश्राम प्रशासन व्यवस्थापक. मंडळातही कामांची वाटणी होती: मेश्राम अध्यक्ष, गजभिये सचिव, शेजवळ खजिनदार. पहिल्याच वर्षी गजभियेंची बदली दूरच्या इब्रीच्या साइटवर झाली. त्या आदेशावर सही मेश्रामांची होती. सचिवपद रिकामे पडले, तेव्हा मेश्रामांनी ते "हंगामी" म्हणून स्वतःकडे घेतले. पुढच्या वर्षी ते शेजवळांना म्हणाले, "तुमचं आता वय झालं, साहेब. हिशेबाचा ताप तुम्हाला कशाला?" खजिनदारीही तिकडे गेली. शेजवळांकडे बुद्धवंदना घेण्याचे काम राहिले. ते त्यांच्याकडून कोणी घेतले नाही.

त्यांचा नोकरीचा करार दर वर्षी मार्चमध्ये नवा होई आणि त्याची फाइल मेश्रामांकडे जाई. त्या वर्षी तेलाचे भाव कोसळले होते आणि एकट्या त्यांच्या विभागातून अकरा माणसे घरी गेली होती. सोडून दुसरीकडे जावे, तर कंपनीचे ना-हरकत पत्र हवे. ते नसेल तर दोन वर्षे ओमानमध्ये पुन्हा पाऊल नाही. ते पत्रही मेश्रामांच्याच टेबलावरून निघत असे. रचनाची अकरावी इथे झाली की बारावीही याच शाळेतून देणे भाग होते. शेजवळांनी हे सर्व मनातल्या मनात अनेकदा आखून पाहिले होते. प्रत्येक तार फिरून त्याच एका स्विचपाशी येत होती.

व्हिलातला गलका आता ओसरला होता. मेश्रामांनी डोळे पुसले.

"तुमचा इतका आग्रह असेल, तर माझा नाइलाज आहे," ते म्हणाले.

एका तरुण अभियंत्याने तयार ठराव वाचून दाखवला. तिन्ही पदे एकत्र करण्यात यावीत आणि पुढील निर्णय होईपर्यंत ती मेश्राम सरांकडे राहावीत.

"आता आपल्या रीतीने घेऊ," मेश्राम म्हणाले. "ही रीत शेजवळसाहेबांनीच आपल्याला घालून दिली. साहेब, तुम्हीच विचारा."

भिक्खूसंघात एखादी गोष्ट तीनदा विचारत. जो गप्प राहील त्याची संमती धरत. मतदानाने मने दुखावतात, त्यापेक्षा हे बरे, असे शेजवळांनीच पहिल्या वर्षी सुचवले होते. तीनदा "हरकत?" विचारायचे, मग सर्वांनी मिळून "साधू, साधू, साधू" म्हणायचे. गप्प राहणे एवढे सोपे होईल आणि बोलणे एवढे अवघड, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले नव्हते.

शेजवळ उठले. मेश्राम त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सोमवारी तुमची फाइल येतेय माझ्याकडे. काळजी करू नका."

"या ठरावाला कुणाची हरकत आहे?" शेजवळांनी विचारले.

एसी घुमत होता.

"दुसऱ्यांदा विचारतो. कुणाची हरकत आहे?"

एका बाळाने हुंकार दिला. त्याच्या आईने त्याला थोपटले.

तिसऱ्या वेळी शेजवळ थांबले. आपण विचारलेच नाही तर ठराव पुरा होणार नाही, एवढे त्यांच्या हातात होते. ते तसेच उभे राहिले. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"साहेब, तिसऱ्यांदा," मेश्राम हसून म्हणाले.

"काका, यल्ला, चला! घरी क्रिकेट लागलंय," मागून कोणीतरी म्हणाले.

"तिसऱ्यांदा विचारतो," शेजवळ म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाही नीट ऐकू आला नाही. "कुणाची हरकत आहे?"

"माझी आहे."

लीलावतीबाई बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. पर्स त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"वहिनी, तुमची?" मेश्राम म्हणाले.

"मी सभासद आहे ना?"

"आहात की. पण हरकत कशाला?"

"'पुढील निर्णय होईपर्यंत' असं वाचलं त्यांनी. तो निर्णय कोण घेणार, ते वाचलं नाही."

कोणी हसले नाही. मग एक जण म्हणाला, "शेजवळकाका, काकूंना आवरा," आणि दोन-चार जण सुटल्यासारखे हसले.

"नाही, नाही. आपल्याकडे लोकशाही आहे," मेश्राम म्हणाले. "एका सभासदाची हरकत आली, तर हात वर करून मोजू. ठरावाच्या बाजूने कोण? साहेब, तुम्हीच मोजा."

हात वर झाले. मेश्रामांचाही झाला. शेजवळ भिंतीपासून सुरुवात करून रांगेने मोजत आले. परवापर्यंत त्यांच्याकडे येऊन मेश्रामांबद्दल चिडचिड करणारे लोक होते; त्यांचेही हात वर होते आणि ते दुसरीकडे पाहत होते. शेजवळांना त्यांचा राग आला नाही. बायकांच्या रांगेत एक जागा त्यांनी ओलांडली.

"पंचेचाळीस," ते म्हणाले.

"आणि तुमचा?" मेश्रामांनी विचारले. त्यांचा स्वर अगदी सौम्य होता.

शेजवळांनी लीलावतीबाईंकडे पाहिले. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. समोरच्या व्हिलाची पांढरी भिंत होती. आपल्याला सोपे जावे म्हणून ती तिकडे पाहते आहे, हे त्यांना कळले.

त्यांनी उजवा हात वर केला, खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि खाली घेतला. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निकाल सांगितला.

बाजूने शेहेचाळीस. विरोधात एक.